आवाज आहे, चित्र नाही

ही गोष्ट श्टुटगार्टची. आई इंदूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आम्ही दोघं दिवसभर कामावर, तिला जर्मन येत नाही. सोबत काय ती टीव्हीवरच्या मराठी मालिकांची. एका संध्याकाळी टीव्ही लावला, तर आवाज येतोय, चित्र नाही. आई हळूच म्हणाली, "अगं, दोन दिवस झाले. माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणून बोलले नाही."

दोन दिवस ती नुसता आवाज ऐकत बसली होती!

खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च मारला. चित्र पुसट दिसलं, म्हणजे पडद्यामागचे दिवे गेलेले. तिला ते दाखवलं, तेव्हा कुठे ती जेवायला बसली.

टीव्ही 11 महिन्यांचा. दुकानदार म्हणाला, "कंपनीला लिहा." पण जर्मनीत कायद्याने 2 वर्षं जबाबदारी विकणाऱ्याचीच असते; कंपनीची वॉरंटी वेगळी. पहिल्या 12 महिन्यांत दोष मुळातलाच धरतात. तसं नाही, हे सिद्ध करायचं दुकानदाराने. बिलाची प्रत जोडून, 14 दिवसांची मुदत देऊन पत्र पाठवलं. बाराव्या दिवशी टीव्ही दुरुस्त होऊन आला, एक पैसाही न देता.

आणणारी माणसं निघाली, तशी आई म्हणाली, "अगं, चहा तरी विचार त्यांना!"

परदेशात असाल तर बिलं जपून ठेवा. आणि आईबाबा आले, की काही बिघडल्याचं सांगायला त्यांना भीती वाटणार नाही, एवढं बघा.