फुकटचं नाणं

न्हावा शेवा बंदरात अब्बा रात्रपाळी करतात आणि पोरगा मोबाईलवर बोटं आपटत बसतो. ‘सर, एअरड्रॉप हलाल आहे, क्रिप्टो फुकट मिळते,’ असं माझाच विद्यार्थी म्हणाला. फुकट? हॅम्स्टर कॉम्बॅटवर लाखो पोरांनी महिनोन्‌महिने बोटं झिजवली. सप्टेंबर 2024 मध्ये अनेकांच्या हाती पडली ती चिल्लर. ती विकून नफा झालाच, तर 30 टक्के कर.

व्याज नको म्हणून पैसा कपाटात ठेवणारे आपण. मग टाटा एथिकल फंडासारखा पर्याय का नको? दारू आणि व्याजाचे धंदे वगळून तो शेअर घेतो. तोटा तिथंही होतो, पण मागे खरा कारखाना असतो. एअरड्रॉपचा मसला घेऊन मौलानांकडे धावणाऱ्यांनी हा प्रश्न त्यांना कधी विचारलाय?