सहा महिन्यांची रात्र आणि स्वतःच्या नावाचं पासबुक

"अगं, तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं, ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. एकदा डोळ्यांनी बघायला नको का?"

आमच्या वन्सं हे म्हणाल्या तेव्हा आम्ही कराडला त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय एकसष्ट. भावजी जाऊन आठ वर्षं झाली. मी म्हटलं, "बघायला हवंच की!" मला वाटलं, विषय मेथीबरोबर संपेल. पण त्यांनी आतून वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून माझ्यापुढे ठेवलं. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावर मोठं वादळ झालं होतं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांना आकाशात लाल प्रकाश दिसला होता. त्याचा तो फोटो. "लडाखपर्यंत आला बघ," त्या म्हणाल्या. "आता आपण त्याच्याकडे जाऊ."

मैत्रिणींनो, पुढचे चार महिने आम्ही दोघी नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या गावाचं नियोजन करतोय. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जायचं, चार रात्री राहायचं. मी आयुष्यभर सगळ्यांच्या सहली आखल्या. मुलांच्या, सासूबाईंच्या अष्टविनायकाच्या, ह्यांच्या ऑफिसच्या. मला वाटत होतं, यात काय अवघड? पण स्वतःसाठी सहल आखताना जे कळलं, ते आज तुम्हाला सांगायचंय.

पहिली अडचण घरातलीच. भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एवढ्या थंडीत मरायला जातेस का?" हे म्हणाले, "त्या पैशांत चार धाम होतील." शेजारच्या काकूंनी तर सरळ विचारलं, "बरोबर पुरुष कोण?" कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण मुलाने बुलेट घेतली तेव्हा "कशाला?" असं कुणी विचारलं नव्हतं. बाईच्या इच्छेला मात्र आधी उपयोग सिद्ध करावा लागतो.

मग आम्ही भांडत बसलो नाही, माहिती गोळा केली. कारण भीतीला उत्तर माहितीनेच देता येतं. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे, तरी तिथे जानेवारी-फेब्रुवारीत सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर जातो, म्हणून तिथलं बंदर गोठत नाही. आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात उणे अठरा असतं, हे मी भाच्याला सांगितलं. तो थोडा गप्प झाला. आणि हे काही ओसाड बर्फाचं रान नाही. पाऊण लाखाच्या वर वस्तीचं गाव आहे, विद्यापीठ आहे, मोठं इस्पितळ आहे, शहर बससेवा आहे.

आणि हो, ती सहा महिन्यांची रात्र! ती फक्त ध्रुवावर. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही. तेव्हाही दुपारी काही तास निळसर उजेड असतोच. भोवती डोंगर असल्याने गावात सूर्याचं दर्शन व्हायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी तिथे जॅम भरलेले गोड पाव खाऊन सूर्याचं स्वागत करतात. आपल्या संक्रांतीनंतर आठवडाभराने त्यांची संक्रांत! वन्सं हसून म्हणाल्या, "तीस वर्षं अर्धवटच शिकवलं म्हणायचं मी."

म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला. पाच-सहा तासांचा दिवस मिळतो आणि रात्रही भरपूर मोठी असते. शिवाय ६ फेब्रुवारीला सामी लोकांचा राष्ट्रीय दिन असतो. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यातले अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर पाळत आलेत. १९१७ मध्ये याच तारखेला ट्रॉनहाइम शहरात सामींची पहिली मोठी परिषद भरली. ती भरवण्यात पुढाकार होता एल्सा लाउला रेनबर्ग या सुईणीचा. एका सुईणीने आपल्या समाजाला एकत्र बोलावलं आणि आज तो दिवस सगळे साजरा करतात. आम्हाला ही तारीख एकदम आपली वाटली.

आता खरी गोष्ट. व्हिसा.

नॉर्वेला जायला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण हिवाळ्यात गर्दी असते, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. जाण्यायेण्याचं आरक्षण, राहण्याची जागा आणि बँकेचे गेल्या काही महिन्यांचे व्यवहार, सगळं कागदावर दाखवावं लागतं.

हे सगळं टेबलावर मांडलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

वन्संच्या दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव. सेवापुस्तकात सासरचं. बँकेत नुसती आद्याक्षरं, पुढे आडनाव. आधार कार्डावर मधलं नावच नाही. एकच बाई आणि चार कागदांवर चार बायका! लग्नाचा दाखला शोधला तर तो नव्हताच. त्या काळी कोण नोंदणी करत होतं? सगळी नावं एकसारखी करून मग पासपोर्टचा अर्ज केला, यात अडीच महिने गेले. एक बरं आहे, आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातही पासपोर्ट केंद्रं झालीत.

आणि माझं? माझं नाव सगळीकडे ठीक होतं, पण पैसे कुठे होते? घरखर्चाचं खातं ह्यांच्या नावावर, त्यात मी दुसरी. ठेवी दोघांच्या, पण पहिलं नाव ह्यांचं. या सदराचं मानधन येतं तेही त्याच खात्यात. छप्पन्न वर्षांची मी, रोज लिहिते, दुसऱ्यांना शहाणपण सांगते आणि केवळ माझ्या नावाचं एक पासबुक माझ्याकडे नव्हतं. नवऱ्याने खर्चाची हमी दिली तर व्हिसा मिळू शकतो, त्यात गैर काही नाही. हे लगेच पत्र द्यायला तयारही झाले. पण वन्संचा अर्ज त्यांच्या पेन्शनवर उभा होता आणि माझा ह्यांच्या सहीवर. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन खातं उघडलं. मानधन तिथे वळवलं. या वेळी हमीपत्र ह्यांचंच लागलं, कारण नव्या खात्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण पुढच्या वेळी लागणार नाही. वन्संनाही भाच्याने सांगितलं होतं, "आई, मी देतो हमीपत्र." त्या एवढंच म्हणाल्या, "नको बाळा, माझी पेन्शन माझी हमी घेते."

आता थोडं कामाचं, ज्या मनात धरून असतील त्यांच्यासाठी.

खर्च प्रत्येकी अडीच लाखांच्या घरात जातोय. कमी नाही. तिथला एक क्रोन आपल्या आठ-नऊ रुपयांचा, आणि साधी कॉफी पन्नास क्रोनच्या आसपास. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, चटण्या नेणार. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे मनाई आहे. खवा, पेढे तर सोडाच, तुपाचाही धोका नको म्हणून वन्संनी डिंकाचे लाडू जड मनाने रद्द केले. पाणी नळाचं उत्तम असतं, विकत घेऊ नका. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. रोख पैसे फारसे कुणी वापरत नाही, कार्ड लागतं. तेही आपल्या नावाचं असावं!

कपड्यांचं सूत्र कांद्याचं, पापुद्र्यावर पापुद्रा. अंगालगत सुती नको, ते घाम धरून ठेवतं आणि गारठा आत शिरतो. आत पातळ लोकरीचं, वर जाड लोकरीचं, सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं. हातमोजे चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, जास्त ऊब राहते. थंडीपेक्षा धोका मोठा घसरण्याचा. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिथे मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्यायचे. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा, गारठ्यात त्याची बॅटरी झटकन उतरते.

पण साडीचं काय? वन्संनी आयुष्यात साडीशिवाय काही नेसलं नाही. दुकानातून जाड पँट आणली, दार लावून घातली आणि अर्धा तास बाहेरच येईनात. शेवटी आतून आवाज आला, "अगं, याला खिसे आहेत की गं!" तेव्हापासून त्या संध्याकाळी घरात घालून सराव करतात.

आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो उत्तरेचा प्रकाश? सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांभोवतीच्या कड्याकडे ओढले जातात आणि शंभर किलोमीटरहून उंचावरच्या हवेवर आदळतात. तिथल्या ऑक्सिजनमुळे तो हिरवा उजेड दिसतो. ट्रॉम्सो बरोब्बर त्या कड्याखाली येतं. पण ढग आले की संपलं. शिवाय फोटोत दिसतो तेवढा हिरवा तो डोळ्यांना दरवेळी दिसत नाही, कधी नुसता पांढुरका पट्टा असतो. म्हणून निरभ्र आकाश शोधत गाडीने आतल्या भागात नेणाऱ्या सहलीसाठी आम्ही पहिल्या दोन रात्री ठेवल्यात. शेवटच्या रात्रीवर सगळं टाकायचं नाही.

नाहीच दिसला तर? हा प्रश्न भाच्याने विचारलाच. तर दिवसा बघायला पुष्कळ आहे. पूल ओलांडला की १९६५ साली बांधलेलं, त्रिकोणी पांढऱ्या कमानींचं आर्क्टिक कॅथेड्रल. त्याच बाजूला डोंगरावर जाणारा पाळणा, १९६१ पासून चालू. चारशे एकवीस मीटर उंचीवरून सगळं बेट दिसतं. आणि याच गावात राहिलेली वान्नी वोल्डस्टाड. ही ट्रॉम्सोतली पहिली बाई टॅक्सी ड्रायव्हर. विधवा, दोन मुलगे पदरात. १९३२ साली ती आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवर शिकारीसाठी हिवाळाभर राहायला गेली आणि असे पाच हिवाळे तिने तिथे काढले. पुढे मुलांनाही घेऊन गेली. नंतर तिने त्यावर पुस्तक लिहिलं. वन्संनी हे ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं असेल का गं, बरोबर पुरुष कोण?"

तिच्या बरोबरीला खरं तर एक शिकारी होता. पण त्याच्या सहीवर ती गेली नव्हती.

सगळ्यांनी ट्रॉम्सोला जावं असं मी म्हणत नाही. अडीच लाख म्हणजे अनेकींच्या घरात मुलीचं कॉलेज, नाहीतर छपराची दुरुस्ती. ज्याचा त्याचा संसार. पण जायचं पंढरपूर असो, बेंगळुरू असो की आर्क्टिक, कागदावर आपण कोण आहोत हे एकदा तपासून ठेवायला पैसे लागत नाहीत. कधी दवाखान्यात लागतं, कधी वारसाच्या नोंदीला लागतं. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा हाती वेळ असताना झालेलं बरं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. कपाटातली ती कागदांची पिशवी खाली काढा. आधार, पॅन, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, शाळेचा दाखला, सगळं सतरंजीवर मांडा. प्रत्येक कागदावर आपलं नाव कसं लिहिलंय ते वाचा. आणि ज्यावर फक्त आपलंच नाव आहे, असे किती निघतात ते मोजा.

माझे तीन निघाले होते. आता चार आहेत.