रानातून घसरायचं, तर आधी रान पारखावं



हिवाळ्यात काश्मीरला जाणं आता पूर्वीइतकं अपूर्वाईचं राहिलेलं नाही. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी गुलमर्गच्या बर्फात फोटो काढून आलेलं असतंच. मुलांचं मात्र फोटोवर भागत नाही. एका भगिनीच्या मुलीने गुलमर्गला स्कीइंगचा शिक्षणक्रम केला आहे. आता तिला मैत्रिणींबरोबर पुन्हा जायचंय, आणि या खेपेस मैदानात नव्हे, तर झाडांच्या मधून घसरायचंय. हे ऐकून आईच्या पोटात गोळा आला. मुलीला नाही म्हणावं का, असं तिने विचारलं आहे.

माझं उत्तर असं, की नाही म्हणू नका. पण चार गोष्टी विचारून घेतल्याशिवाय होही म्हणू नका. आणि विचारायचं तर आपल्यालाही त्यातलं थोडं कळायला हवं, हो ना?

पहिला प्रश्न आपल्या मनात येतो तो हा, की मोकळी मैदानं सोडून ही मंडळी झाडांत शिरतात कशाला? त्याला कारण आहे. बर्फ पडत असतो तेव्हा उघड्या डोंगरावर आभाळ आणि जमीन एकच पांढरी होऊन जाते. उंचवटा कुठे, खळगा कुठे, काही उमगत नाही. रानात काळपट खोडं आणि हिरव्या फांद्या असल्यामुळे नजरेला आधार मिळतो. शिवाय झाडं वारा अडवतात. वाऱ्याने थापलेला बर्फ पाटीसारखा कडक होतो, तर रानातला बर्फ कित्येक दिवस रव्यासारखा मोकळा राहतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, ऊन कमी लागणाऱ्या उतारावर तो अधिकच टिकतो. म्हणून वादळी दिवशी जाणती माणसं वरचा उघडा डोंगर सोडून खाली रानात येतात.

आता गुलमर्गची रचना डोळ्यांपुढे आणा. मधलं मैदान सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, दोन टप्प्यांत वर जातो. १९९८ साली सुरू झालेला पहिला टप्पा कोंगदुरीपर्यंत, साधारण ३१०० मीटरपर्यंत नेतो. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास पोचवतो. कोंगदुरीच्या वर झाडं विरळ होत जातात. झाडांची हद्द जिथे संपते तिथे भूर्ज असतात, ज्यांच्या सालीवर जुन्या काळी पोथ्या लिहीत तेच. त्याच्या वर नुसता उघडा बर्फ. म्हणजे रानातलं स्कीइंग हवं असेल, तर सगळ्यात वर जायची गरजच नाही.

पहिल्या टप्प्याच्या आजूबाजूला फर आणि कैल यांचं रान आहे. त्यातलं मंकी हिल नावाचं रान बर्फ पडत असतानाच्या दिवसांसाठी स्कीवाल्यांत प्रसिद्ध आहे. दुसरं रान गुलमर्गच्या खालच्या अंगाला, बाबा रेशींच्या जियारतीकडे उतरतं. तिथून परत यायला जीप ठरवावी लागते. द्रंगकडे आणि टंगमर्गकडे उतरणारी रानं त्याहून लांबची. ही खालची रानं कमी उंचीवर असल्यामुळे तिथे भरपूर बर्फ पडलेला असेल तेव्हाच जाण्यात अर्थ असतो. नाही तर बुंधे, दगड, ओढे उघडे पडतात. आणि हे आखून दिलेले मार्ग नव्हेत. तिथे पाट्या नसतात, वाट चुकली तर सांगायला कुणी नसतं. म्हणून गावातला जाणता वाटाड्या बरोबर हवाच हवा.

चांगलं रान ओळखायचं कसं? आपल्या घरगुती मापाने सांगते. दोन झाडांमध्ये एक पाचवारी साडी आडवी उलगडून धरता आली पाहिजे. नवशिक्याला तेवढी ऐसपैस जागा वळायला लागते. त्याहून दाट रान असेल तर ते पट्टीच्या माणसांसाठी सोडून द्यावं. उतार बेताचा असावा, आणि पुढची निदान आठ-दहा झाडं एका नजरेत दिसावीत. घसरताना नजर झाडावर न ठेवता दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण माणूस जिकडे बघतो तिकडेच जातो. सायकल शिकताना खांबावर जाऊन आपटणारी मुलं आपण पाहिलेली आहेतच!

आता खऱ्या धोक्याकडे येते. आईला वाटतं, पोर झाडावर आपटेल. तो धोका आहेच, पण दुसरा त्याहून फसवा आहे. अंगणातल्या झाडाला पाणी घालायला आपण आळं करतो ना, तसं आळं बर्फात आपोआप तयार होतं. फरच्या खालच्या फांद्या वरून पडणारा बर्फ अडवतात. त्यामुळे खोडाभोवती बर्फ घट्ट बसत नाही, आत पोकळ खड्डा राहतो. वरून सगळं सपाट दिसतं. माणूस खोडाजवळ पडला की डोकं खाली, पाय वर असा आत जातो, आणि सुटा बर्फ भोवतीने ढासळून त्याचा श्वास कोंडतो. धडपड केली की तो आणखी रुततो. एकट्याने बाहेर येणं बहुतेकांना जमत नाही. पण जोडीदार हाकेच्या अंतरावर असेल, तर जीव वाचतो. सगळी मेख इथेच आहे.

म्हणून लेकीला हे नियम पाठ करायला लावा :

• एकटीने रानात शिरायचं नाही. जोडी ठरवून घ्यायची, आणि ती जोडी सतत दिसली पाहिजे. खाली भेटू, हे चालणार नाही. थोडं उतरावं, थांबावं, दुसरीला येऊ द्यावं.

• गळ्यात शिटी असावी. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा.

• रानात शिरण्याआधी काठ्यांच्या वाद्या मनगटातून काढाव्यात. अडकलेल्या हाताने तोंडापुढचा बर्फ दूर करता येत नाही.

• खोडाजवळ तोल गेलाच तर फांदी किंवा बुंधा घट्ट धरावा. आत गेल्यास तोंडापुढे हाताने पोकळी करून श्वासाला जागा ठेवावी आणि शांत राहावं.

• मैत्रीण आत पडली तर तिला पाय धरून वर ओढू नये. तिचं डोकं कुठे असेल त्याचा अंदाज घेऊन बाजूने खणत जावं आणि आधी तोंड मोकळं करावं.

आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. झाडं आहेत म्हणजे हिमस्खलन होणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. जिथे माणूस सहज घसरू शकतो इतकं विरळ रान असतं, तिथून बर्फाचा लोंढाही येऊ शकतो. शिवाय वरच्या उघड्या डोंगरावरून सुटलेला लोंढा खालच्या रानात शिरतो तो वेगळाच. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन पाहुणे असेच दगावले. २०२४ च्या फेब्रुवारीत खिलनमर्गच्या बाजूला रशियाचा एक तरुण गेला. तेव्हा त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा पाहिल्याशिवाय निघू नये. प्रत्येकीजवळ बीकन नावाचं शोधयंत्र, फावडं आणि लांब सळई असावी. ती वापरायचा सराव मैदानातच करून घ्यावा. पिशवीत नुसतं सामान असून कुणाचा जीव वाचत नाही.

आता त्या भगिनीचा मूळ प्रश्न. मुलीची तयारी झाली आहे की नाही, हे कसं ओळखावं? तिला विचारा : हवं तिथे थांबता येतं का? दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने वळता येतं का? मऊ, गुडघाभर बर्फात कधी उतरली आहेस का? यातल्या एकाचंही उत्तर अडखळत आलं, तर पहिले तीन-चार दिवस शिक्षकाबरोबर मैदानात काढायला सांगा. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. खाजगी शिक्षकही मिळतात. शिक्षकाने होकार दिला की मग रान. आणि वाटाड्या "आज नको" म्हणाला, तर पैसे भरलेत म्हणून हट्ट धरायचा नाही, हे घरूनच कबूल करून घ्या.

दोन शब्द व्यवहाराचे. बर्फाचा भरवसा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान जवळजवळ कोरडंच होतं. म्हणून फेब्रुवारीचे दिवस निवडावेत, आणि परतीला एक-दोन दिवस हातचे राखून ठेवावेत, कारण बर्फ फार झाला की रस्ता आणि विमान दोन्ही अडतात. विमा काढला असेल तर त्यात आखलेल्या मार्गाबाहेरचं स्कीइंग धरलंय का, ते बारीक अक्षरांत वाचा. पुष्कळदा ते वगळलेलं असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला झालेला हल्ला आपण कुणीच विसरलेलो नाही. निघण्याआधी त्या वेळच्या सरकारी सूचना पाहून घ्याव्यात.

कपड्यांत सुती काही देऊ नका. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गारठतं. आत लोकरीचं, वर पाणी न शिरणारं, आणि हातमोज्यांचा एक जोड जास्त. खिशात गूळ-शेंगदाण्याच्या चार वड्या द्या. थंडीत भूक कळत नाही, पण अंगातली ताकद मात्र जाते, आणि पडणं-झडणं होतं ते दुपारी, थकल्यावर. "शेवटची एक फेरी" हा मोह टाळायला सांगा. ऊन कलायच्या आत सगळ्या जणी खाली आल्या पाहिजेत, आणि आल्यावर घरी एक फोन. एवढं तिने मान्य केलं, की बॅग भरायला तुम्हीच बसा.