सब्र आणि सांगणं

आपल्या घरांत कुणाला अचानक ताप चढला, छातीत कळ आली, जिन्यावरून पाय घसरला तर सगळं घर धावतं. शेजारीही धावतात. पण तीच बाई दहा वर्षं कंबर धरून चालत असेल तर तिच्या दुखण्याची सगळ्यांना सवय होते. तिचीच तिला होते. मग कधीतरी तिला डॉक्टरकडे नेलं जातं आणि ती सांगते, "डॉक्टर साब, पूरे बदन में दर्द है." एवढंच. डॉक्टर आठ दिवसांच्या गोळ्या लिहितात आणि पुढचा पेशंट आत येतो.

माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. मोमिनपुऱ्यात माझ्या वयाच्या ज्या बायका आहेत, त्यांच्यात हे कमीच. त्यामुळे गेली वीसेक वर्षं मोहल्ल्यातल्या बायका दवाखान्यात जाताना मला सोबत नेतात. "तू चल ना, तेरेको मराठी आती." नागपुरातल्या डॉक्टरांना हिंदी कळतं, तरी बायकांना आपल्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं असतं. या निमित्तानं सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या ओपीडीत पेशंटच्या शेजारच्या स्टुलावर मी पुष्कळ बसले आहे. त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. आपल्याकडे जुनाट दुखण्याचा इलाज अडतो तो बऱ्याचदा औषधाच्या आधी, सांगण्याच्या पायरीवरच.

परतीच्या ऑटोत याच बायका काय काय सांगतात ते ऐकावं. रात्री कूस बदलता येत नाही. डाव्या पायात पोटरीपर्यंत विजेसारखी सणक जाते. कणीक मळताना अंगठ्यातून कळ येते. सजद्यातून उठताना हात जमिनीला टेकवावा लागतो. मी विचारते, हे सगळं आत का नाही सांगितलं? उत्तरं दोन येतात. एक, डॉक्टरला एवढा वेळ कुठे आहे. दुसरं, "नाशुक्री कौन करे? अल्लाह ने दिया है, सब्र करना."

पहिलं उत्तर खरं आहे. 2017 मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात 67 देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेचा एक आढावा आला होता. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात ते त्यात पाहिलं होतं. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद, आपल्याकडे सुमारे दोन मिनिटं. त्याच्या कितीतरी आधी, 1984 मध्ये, अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मोजलं होतं की पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला थांबवतात. तिथली ही गत, तर आपल्या ओपीडीतल्या रांगेचं काय सांगावं! पण वेळ कमी असेल तर त्या वेळात नेमकं काय बोलायचं याची तयारी जास्त हवी. आपण ती करत नाही, कारण दुसरं उत्तर मनात बसलेलं असतं.

त्या दुसऱ्या उत्तराशी माझं भांडण आहे. सब्राचं नाव निघालं की आपल्याकडे सगळ्यात आधी हजरत अय्यूब यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांची हकीकत नीट वाचली जात नाही. कुरआनात अय्यूब आपल्या रबला हाक मारून सांगतात की मला त्रास झाला आहे, मी दुःखात आहे. ते गप्प बसलेले नाहीत. आणि असं सांगणाऱ्या अय्यूबनाच कुरआन साबिर म्हणतो. म्हणजे दुखणं बोलून दाखवल्यानं सब्र तुटत नाही. कुणी म्हणेल, ते अल्लाहला सांगितलं, माणसाला नाही. तर मग सहीह बुखारीतली इमरान बिन हुसैन यांची हदीस पाहा. त्यांना मूळव्याध होती. त्यांनी पैगंबरांना जाऊन तसं सांगितलं आणि नमाजचं काय करू असं विचारलं. उभ्यानं पढ, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, असा त्यांना जवाब मिळाला. मूळव्याधीसारखं दुखणं, आजही लोक घरच्यांपासून लपवतात असं, एका सहाबींनी जाऊन सांगितलं. ते सांगितलं म्हणून त्यांना सवलत मिळाली आणि त्यांच्यामुळे आजवरच्या सगळ्या आजारी माणसांना मिळाली. आमच्या मशिदीत मागच्या ओळीत खुर्च्या वाढत चालल्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी ही हदीस जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकली असेल कोण जाणे.

आणखी एक समजूत आड येते, ती हकिमाची. जाळीआड बसलेल्या बेगमेच्या मनगटाला दोरा बांधला, दुसरं टोक हकिमानं धरलं आणि रोग ओळखला, ही कहाणी आपल्या बहुतेक घरांत कुणीतरी सांगितलेली असते. त्यातून असं वाटायला लागतं की चांगल्या डॉक्टरला सांगावं लागत नाही, त्याला कळतंच. खुद्द इब्न सीना काय म्हणतो? 1037 मध्ये वारलेल्या या हकिमाच्या 'अल-कानून'मध्ये दुखण्याचे 15 प्रकार दिले आहेत. टोचणारं, दाबणारं, ताणणारं, ठणकणारं, जड वाटणारं, बधिर करणारं, भोक पाडत गेल्यासारखं वाटणारं. नुसती नब्ज धरून हे पंधरा वेगळे करता येणार नाहीत, पेशंटनं बोलावंच लागेल. त्यानंतर जवळजवळ साडेनऊशे वर्षांनी, 1975 मध्ये, कॅनडात मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी दुखण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे 78 शब्द आहेत. कारण शब्द बदलला की निदानाची दिशा बदलते. आग होते, मुंग्या येतात, करंट लागतो असं कुणी म्हटलं तर डॉक्टर नसेचा विचार करतात. ठसठस म्हटलं तर कुठे सूज, पू आहे का ते पाहतात. पोटात पीळ पडतो, कळा येतात हे आणखी वेगळं. आपल्याकडे तर मराठी आणि उर्दू, दोन्हीकडचे शब्द आहेत. ठणका, सणक, चमक, रग, टीस, जलन, चुभन, अकडन. एवढं सगळं असताना डॉक्टरसमोर 'दर्द' हा एकच शब्द बाहेर पडतो.

हा शब्द एकटा पडला की काय होतं, त्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथं गेलेल्या भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या बायका अंगभर दुखतं एवढंच सांगत. काही डॉक्टरांनी त्याला आपापसांत 'मिसेस बेगम सिंड्रोम' असं कुत्सित नाव पाडलं होतं. म्हणजे काही झालेलं नाही, बेगमसाहेबांना नुसती कुरकुर करायची आहे. पण 1962 मध्ये ग्लासगोतल्या डॉक्टरांनी तिथल्या पाकिस्तानी वस्तीतल्या अशा दुखण्यामागे हाडं मऊ पडण्याचा खराखुरा आजार असल्याचं दाखवलं होतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणजे 'पूरे बदन में दर्द' हे कित्येकींच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. त्यांच्याकडे शब्द कमी होते आणि ऐकणाऱ्याकडे भरवसा कमी. नागपूरच्या एवढ्या उन्हातही घराच्या आत राहणाऱ्या, बाहेर पडताना पूर्ण झाकून घेणाऱ्या बायकांना ही कमतरता होऊ शकते. तेव्हा इथल्या डॉक्टरांनी हसण्याआधी ग्लासगो आठवावं.

भरवशाचा मुद्दा आपल्याच शहरात सगळ्यात लख्ख दिसतो तो सिकलसेलच्या पेशंटमध्ये. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला की पुन्हा. बाहेरून ना सूज दिसते, ना जखम. कळ किती आहे ते रक्ताच्या कुठल्याही तपासणीत कळत नाही. पेशंट सांगेल तेच मोजमाप. म्हणून या मुलांना 'नाटक करतो', 'इंजेक्शनची सवय लागली' हे ऐकावं लागतं. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांची संघटना उभी केली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आला, 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ही माणसं एकेकटी कण्हत बसली असती तर यातलं काय झालं असतं? त्यांच्या समाजात माणसं उठून उभी राहिली आणि आम्हाला दुखतं हे म्हणाली. आपण आपल्या खालांना, चाचींना घरातसुद्धा ते म्हणू देत नाही.

मग सांगायचं कसं? दुखणं किती आहे ते दहापैकी आकड्यात सांगा, असं हल्ली डॉक्टर विचारतात. आमच्या बायका सरळ दहा म्हणतात, नाहीतर लाजून दोन. त्यातून काही निष्पन्न होत नाही. मला वाटतं, दुखण्यामुळे काय बंद पडलं ते सांगावं. पाण्याची बादली उचलता येत नाही. शिलाई मशीनवर पूर्वी दिवसाला सहा ब्लाऊज व्हायचे, आता दोन होतात. आणि आपल्याकडे तर दिवसातून पाच वेळा सगळे सांधे वाकवून पाहण्याची सोय आहे. रुकूत कंबर दुखते की सजद्यातून उठताना? बसल्यावर गुडघा की घोटा? सलाम फेरताना मानेत कळ येते का? हे नीट सांगितलं तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

एकदा एका खालांना घेऊन गेले होते. दोन्ही हातांची बोटं दुखायची. जाण्याआधी त्यांच्याकडून विचारून मी अर्ध्या कागदावर पाच ओळी लिहून नेल्या होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "अम्मा, सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात?" खाला म्हणाल्या, "फज्र से चाश्त तक." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, म्हणजे पहाटे उठल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत. त्यांनी लगेच रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, कारण वयोमानानं झिजलेले सांधे सकाळी थोडा वेळ आखडतात आणि सुटतात. तासन्‌तास आखडले तर आमवाताची शंका येते, आणि त्याची औषधं लवकर सुरू झाली तर बोटं वाकडी होणं टळू शकतं. त्याआधी चार वर्षं खाला मेडिकलमधून 'दर्द की गोली' आणून खात होत्या. घड्याळाची वेळ त्यांना सांगता आली नसती. नमाजची आली.

डॉक्टरांकडूनही माझ्या अपेक्षा आहेत. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलण्याचं शिक्षण आलं आहे, ही चांगली गोष्ट. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली, तेव्हा पेशंट दुखतंय म्हणतो त्याचा मान राखला पाहिजे, हे तिच्यासोबतच्या टिपांत घातलं. आता त्या ओपीडीत दिसायला हव्यात. विशेषतः एका बाबतीत. बाईसोबत नवरा असेल तर डॉक्टर प्रश्न तिच्याकडे बघून विचारतात आणि उत्तर नवरा देतो. "कुछ नहीं साब, थोडा कमर का है." तिची कंबर, आणि थोडं का जास्त हे ठरवणारा दुसराच. अशा वेळी त्याला दोन मिनिटं बाहेर बसवायला हरकत काय? नवऱ्यासमोर बाई पाळीतल्या दुखण्याबद्दल बोलत नाही, नवऱ्यासोबत असताना होणाऱ्या दुखण्याबद्दल तर नाहीच. तिला विचारणारी डॉक्टरीण भेटली तरच ते बाहेर येतं.

आणि आपण लपवतो त्या गोष्टी. हाडं बसवणाऱ्याकडे मालिश करून घेतली, कुणाच्या तरी सांगण्यावरून काळी पुडी खाल्ली, हे डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. तसल्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानं चार दिवस फार छान वाटतं आणि साखर, रक्तदाब, हाडं सगळं बिघडत जातं. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर पोटात व्रण होतात, किडनीवर परिणाम होतो. डॉक्टरांना त्या गोळ्या माहीतच नसतील तर ते त्यावर आणखी तीच गोळी लिहितील.

रमजानचंही तसंच. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. रोजा असला की आमच्या बायका आपल्या मनानं सकाळची गोळी सहरीत चहाच्या घोटासोबत घेतात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि नागपूरचा उन्हाळा असेल तर विचारायलाच नको. किडनी आधीच नाजूक असेल तर हे धोक्याचं आहे. डॉक्टरला विचारलं तर तो रोजे ठेवूच नका म्हणेल, या भीतीनं कुणी विचारत नाही. मी ज्यांना घेऊन गेले, त्यातल्या बहुतेक डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. कुणी गोळी बदलून दिली, कुणी वेळ इफ्तारनंतरची केली. एका-दोघींना मात्र खरंच मनाई केली. त्यांनी मौलवीसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, बीमाराला सूट कुरआननंच दिली आहे, मला काय विचारता. म्हणून शाबानचा महिना लागला की मी घरोघर आठवण करते, जुन्या चिठ्ठ्या काढून ठेवा, चाँद दिसायच्या आधी एकदा दाखवून येऊ.