पाळकांचा थकवा मोजला तेव्हा

'बर्नआउट' हा शब्द हल्ली दोन सुट्ट्या हुकल्या तरी वापरला जातो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लिहिले ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या लोकांकडे बघून. जे जीव ओतून काम करतात तेच आधी विझतात, हे त्यांचे निरीक्षण.

मग चर्चचे पाळक यातून कसे सुटतील? ड्यूक विद्यापीठाने २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या युनायटेड मेथॉडिस्ट पाळकांची पाहणी केली. लठ्ठपणा सुमारे ४० टक्के; राज्यातल्या इतरांत तो ३० च्या आत. (घरोघरी भेटी, आणि पुढ्यात आलेल्या केकला नाही म्हणायची सोय नाही!) फोनवरच्या मुलाखतींत ८.७ टक्के पाळकांमध्ये नैराश्य दिसले. देशाचा आकडा ५.५ होता.

पुढे विद्यापीठाने त्यांच्यासाठी दोन वर्षांचा आरोग्य कार्यक्रम आखला. वजन, आहार, ताणाचे नियोजन, सगळे त्यात होते. मेटाबॉलिक सिंड्रोमचे प्रमाण घटले. नैराश्य आणि ताण मात्र जागचे हलले नाहीत.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. रात्री अकराचा फोन, शनिवारचा अंत्यविधी, रविवारचे प्रवचन आणि समितीतली भांडणे सकाळी चालायला जाऊन कमी होत नाहीत. ते मंडळीच्या हातात आहे. आठवड्यातला एक दिवस पाळकांचा ठरवावा आणि त्या दिवशीचे फोन मंडळीतल्यांनी आळीपाळीने घ्यावेत. परदेशातल्या लहान मंडळ्यांत पाळक अनेकदा नोकरी सांभाळून सेवा करतात. तिथे तर अशी सुट्टी मागायलाही त्यांना संकोच वाटतो.