भंगारांतील संगणक आणि घरचा दप्तरखाना

गेल्या दिवाळीच्या सुटींत शाळेची कोठी झाडण्याचें काम निघालें. मोडकीं बांकें, फुटक्या परीक्षानळ्या, उसवलेले नकाशे यांच्या जोडीस या खेपेस सहा संगणकही बाहेर आले. त्यांपैकीं एकही बिघडलेला नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' या प्रणालीस नित्याचा आधार देणें थांबविलें, आणि तिच्या जागीं आलेली 'विंडोज ११' इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारीतच नाहीं. तेवढ्यावरून हीं सहा यंत्रें निकामी ठरलीं. भंगारवाला तराजू घेऊन फाटकाशीं उभा होता. आम्हीं त्यास रिकाम्या हातीं परत पाठविलें, यावरून शिक्षकांच्या खोलींत बराच वाद माजला. त्या वादांत आमची जी बाजू होती ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरून घेणाऱ्या शिष्यांची कथा आपल्या शाळेंत प्रत्येक वर्गाच्या कानांवरून जाते. तीच कथा शिकविणारांनीं धडधाकट यंत्र किलोच्या भावानें विकावें, हें आम्हांस जरा विचित्र दिसतें. आमचें म्हणणें असें कीं, असल्या यंत्रापासून घरचा दप्तरखाना उत्तम होतो. ज्यास फाइल सर्व्हर म्हणतात तो दुसरें कांहीं नसून, घराच्या कोपऱ्यांत पडद्यावांचून व कळफलकावांचून चालणारा एक संगणक होय. घरांतील फोन, लॅपटॉप वगैरे सर्व राउटरमार्फत त्याच्याशीं जोडलेले असतात. आपले कागद, फोटो, चित्रफिती त्याजपाशीं ठेवाव्या आणि हव्या तेव्हां परत मागून घ्याव्या. या कामास मोठें सामर्थ्य लागत नाहीं. कारकुनास पैलवानाची छाती कशास हवी? दहाबारा वर्षांपूर्वींचा प्रोसेसर आणि चार गिगाबाइट रॅम एवढ्यावर एका कुटुंबाचें काम निर्वेध चालतें.

आणि असा आरंभ करण्यांत कमीपणाही नाहीं. १९९६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं आपल्या शोधयंत्राच्या प्रयोगाकरितां चार चार गिगाबाइटच्या दहा हार्ड डिस्क जमविल्या, आणि त्या मुलांच्या खेळण्यांतील ठोकळ्यांची पेटी करून तींत बसविल्या. पुढें त्याच प्रयोगाचें गूगल झालें.

"हल्लीं सारें आकाशांतील ढगांत फुकट ठेवतां येतें, मग हा उपद्व्याप कशास?" असा प्रश्न आमच्या एका सहकाऱ्यांनीं केला. प्रश्न रास्त आहे, पण 'फुकट' हा शब्द तपासून घ्यावा. गूगलनें फोटो अमर्याद ठेवून घेण्याची सवलत १ जून २०२१ पासून बंद केली, आणि तेव्हांपासून नवे फोटोही पत्रें व कागद यांच्यासमवेत पंधरा गिगाबाइटच्या एकाच मर्यादेंत मोजले जाऊं लागले. २०२३ सालीं त्याच कंपनीनें असाही नियम जाहीर केला कीं, जें खातें दोन वर्षें कोणी उघडणार नाहीं तें पुसून टाकलें जाऊं शकेल. आतां एखाद्या घरीं आजोबा निवर्तले, आणि परवलीचा शब्द त्यांच्याबरोबरच गेला, असें समजा. गांवच्या जुन्या घराचे, आजीचे, मुलांच्या बारशाचे जे फोटो त्यांनीं हौसेनें काढले होते ते त्या खात्यांत कुलुपबंद राहिले. सुतक फिटतें, वर्षश्राद्ध किंवा स्मरणाची प्रार्थना होते, कोणास आठवण राहत नाहीं, आणि एके दिवशीं तें खातें नाहींसें होतें. कंपनीनें यांत अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं. नियम तिनें आधींच सांगून ठेविला आहे. परंतु घराचें दप्तर परक्याच्या नियमावर सोंपवावयाचें असेल, तर त्याची एक प्रत तरी घरांत नको काय?

येथपर्यंत उत्साहाची गोष्ट झाली. येथून पुढें आम्ही ठेंच खाऊन शहाणे झालों आहों. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं असाच एक सर्व्हर जोडला होता, आणि काटकसरीच्या भरांत हार्ड डिस्कही भंगारांतलीच घातली. तिसऱ्या महिन्यांत तिच्यांतून टक्‌टक् असा आवाज येऊं लागला. आम्हीं दुर्लक्ष केलें; तो दोष सर्वस्वी आमचा. आठवड्याच्या आंत त्या वर्षींच्या क्रीडामहोत्सवाचे सगळे फोटो गेले, आणि पालकांच्या फोनांवर जे होते तेवढेच परत मिळाले. म्हणून आमचा पक्का ग्रह असा झाला आहे कीं, पेटी, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम हें सारें जुनें चालेल. डिस्क मात्र नवी घ्यावी. जुनी वापरावयाचीच असेल, तर तिच्या पोटांत 'स्मार्ट' नांवाची जी आरोग्याची नोंद असते ती आधीं वाचावी. निकामी झालेल्या जागा बदलून दिल्याचा आंकडा तींत वाढत चालला असेल, तर त्या डिस्कवर महत्त्वाचें कांहींएक ठेवूं नये.

एका नव्या डिस्कनेंही भागत नाहीं. दोन घेऊन एकीची प्रतिमा दुसरीवर उमटत राहील अशी योजना करावी. १९८८ सालीं बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं स्वस्त डिस्कांच्या समूहाचा पुरस्कार करणारा जो निबंध लिहिला, त्यांतून 'रेड' हें नांव रूढ झालें. पण यासच पुष्कळ लोक सुरक्षित प्रत समजतात, ही मोठी फसगत आहे. धाकट्या भावानें चुकून एक फोल्डर पुसला, तर तो दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणीं पुसला जातो. करितां तिसरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती मामाच्या नाहीं तर मावशीच्या घरीं ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां ताजी करावी.

बाकीच्या अवयवांविषयीं थोडक्यांत. प्रोसेसर ६४ बिटांचा असावा. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ पासून जुन्या ३२ बिटी संगणकांवर ती प्रणाली नव्यानें बसवितां येत नाहीं. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले दिसले, तर तो सोडून द्यावा. वेळ व तारीख चुकत असेल, तर नाण्याएवढा सेल बदलावा. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही विद्यार्थ्यानें उघडूं नये. वायर काढल्यावरही तींत विजेचा जोरदार झटका दडलेला असतो. जाळ्याचा वेग १०० मेगाबिट असेल, तर चार गिगाबाइटच्या चित्रफितीस सहा मिनिटांच्या आसपास लागतात. गिगाबिट असेल, तर एक मिनिटही लागत नाहीं.

विजेच्या खर्चाचा आक्षेप गणिताच्या शिक्षकांनीं घेतला, आणि तो खरा आहे. जुना संगणक ५० वॅट खात रात्रंदिवस चालला, तर दिवसास १.२ युनिट, वर्षास ४३८ युनिट होतात. युनिटास ८ रुपये धरले तर साडेतीन हजार रुपये. याच कामीं १५ वॅटचा जुना लॅपटॉप लाविला, तर वर्षास सुमारें १३१ युनिटच लागतात, पण त्याची बॅटरी फुगलेली नाहीं ना हें पाहावें. आम्हीं मधला मार्ग काढिला: यंत्र सायंकाळीं चार तास चालतें, एरवीं निजतें. पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यामुळें यूपीएस मात्र टाळतां आला नाहीं.

प्रणालीकरितां एक पैही पडत नाहीं. डेबियनवर उभारलेली 'ओपनमीडियाव्हॉल्ट' जुन्या यंत्रावर सुखानें चालते. 'ट्रूनॅस' ही किमान आठ गिगाबाइट रॅम मागते. विंडोजच्या संगणकांशीं बोलणारी 'सांबा' ही आज्ञावली ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं विद्यार्थिदशेंत १९९१-९२ च्या सुमारास लिहावयास घेतली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. हा दप्तरखाना घराबाहेरील इंटरनेटास उघडा ठेवूं नये, आणि त्याची जुनी 'एसएमबी १' भाषा बंद करावी; मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'ची सांथ त्याच भोंकांतून शिरली होती.

सहांपैकीं तीन यंत्रांचे अवयव एकत्र करून एक सर्व्हर आतां प्रयोगशाळेच्या खिडकीशीं चालू आहे. जे सुटे भाग खरोखरच मेलेले निघाले ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठविले, तराजूवाल्याकडे नव्हे. उरलेलीं तीन यंत्रें ज्या मुलांस घरीं दप्तरखाना करावयाचा असेल त्यांच्यासाठीं राखून ठेविलीं आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें, आणि येतांना घरांत बारीक स्क्रू पडलेले असतील ते खिशांत घालून आणावे, कारण आमच्या पेटीची एक बाजू अद्याप सुतळीनें बांधलेली आहे.