श्वासाच्या रुग्णास व्यवसाय विचारा

शाहूवाडी तालुक्यातून शिरोली वा गोकुळ शिरगाव येथील फौंड्रीत कामास गेलेला तरुण पंधरा-वीस वर्षांनी गावी परततो, तेव्हा कोरडा खोकला आणि चढावर लागणारा दम सोबत आणतो. केसपेपरवर तो व्यवसाय 'शेती' असा सांगतो. येथील पाऊस व दमट हवा पाहून आपण तमकश्वास ठरवितो. सितोपलादी, वासावलेह देतो. थोडा उपशय मिळतो आणि आपण तेथेच थांबतो. हे थांबणे घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंत रज व धूम यांचा निर्देश केला आहे. फौंड्रीतील साचे वाळूचे असतात. ते फोडताना आणि फेटलिंगच्या वेळी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतांशी नाकाघशात अडते. न दिसणारी वायुकोशांपर्यंत पोचते व तेथे व्रणवस्तू निर्माण करते. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयाचा धोका वाढवितो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा सिलिकेस कर्करोगकारक ठरविले. कठीण झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध कोणत्याही पद्धतीत नाही. आपल्या योगांनी लक्षणे सुसह्य होतात, इतकेच. तोंडावरचा रुमाल हे कण अडवीत नाही, आणि पाळीनंतर खाल्लेला गूळ फुप्फुसातील वाळू काढीत नाही.

म्हणून निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा. पण हेतू विचारल्यावाचून त्याचे परिवर्जन कसे होणार? 'पूर्वी कोठे, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले?' हा प्रश्न प्रत्येक श्वासरुग्णास विचारून उत्तर लिहून ठेवावे. संशय येताच छातीचा एक्स-रे व थुंकीतपासणीसाठी कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात पाठवावे. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत सिलिकोसिस हा व्यावसायिक रोग मानला गेला आहे. मात्र नोंदच नसेल तर कुटुंबाने भरपाई मागावी कशाच्या आधारावर?

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. महिनोन्महिने तेच कासाचे औषध नेणाऱ्या गिऱ्हाईकास पुढची बाटली देण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा. विक्री एका बाटलीने घटेल. कदाचित एक घर वाचेल.